खाडीच्या अलीकडचे

आपण मूळचे अरब आहोत, ही गोष्ट हारून नाखवा कोणत्याही नव्या ओळखीच्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगत. सांगण्याची पद्धत मात्र अतिशय नम्र होती. मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या सूकपासून, म्हणजे बाजारापासून, दोन गल्ल्या पुढे, समुद्राकडे तोंड करून असलेल्या दुकानात ते चोवीस वर्षं जाळी, दोर, गळ आणि नांगर विकत होते. दुकान अर्बाब, म्हणजे मालक, खल्फान यांचं, पण काउंटरमागची खुर्ची हारूनभाईंची. एखादं गिऱ्हाईक दोराचा पीळ बोटांनी चाचपू लागलं की ते हलकेच म्हणत, दोराचं आम्हाला विचारा. आमचे आजोबा नाखवा होते, इथल्याच सूर बंदरातून गलबत घेऊन कोकणात गेले आणि तिथलेच झाले.

मग ते शब्दाची फोड करून दाखवीत. गलबताच्या कप्तानाला इथले अरब नोखदा म्हणतात, आमच्या किनाऱ्यावर नाखवा म्हणतात. शब्द एकच; समुद्र ओलांडताना थोडा भिजला, इतकंच. या फोडीत खोटं काही नव्हतं. म्हणूनच तिच्या आधारानं उभा केलेला बाकीचा डोलाराही खरा वाटे, निदान हारूनभाईंना तरी. त्यांच्या पत्नी कुबरा यांना तो लग्नापासून पाठ होता. दर जून महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की त्या विचारत, "मूळचे अरब ना? मग एसी बंद करू का?"

जाळं दुरुस्त करून मिळेल का, असं कोणी विचारलं, तर हारूनभाईंचा चेहरा किंचित आक्रसे आणि ते शेजारच्या बंगाली कारागिराकडे बोट दाखवीत. जाळी विकणं हा व्यापार होता. विणणं हे खाडीपलीकडच्यांचं काम होतं.

त्यांच्या गावाजवळच्या खाडीला, सगळ्याच खाड्यांना असतात तसे, दोन काठ होते. अलीकडच्या काठावर जुनी मशीद, माडांच्या बागा, चिऱ्यांची घरं आणि आखातात गेलेल्या मुलांची पत्रं. पलीकडच्या काठावर बांबूंवर वाळत घातलेली जाळी. मधलं पाणी तरीनं सात मिनिटांत ओलांडता येई. हारूनभाईंच्या मनात ते अरबी समुद्राहून रुंद होतं. त्यांच्याच आळीतला शाहबाज, जो आता मस्कतच्या बौशर भागात पडद्यांचं दुकान चालवत होता, त्यानं वीस वर्षांपूर्वी पलीकडच्या आमिनाशी लग्न केलं, तेव्हा हारूनभाई लग्नाला गेले होते, पण पोटाचं निमित्त करून जेवले नव्हते. शाहबाज हे विसरला नव्हता. त्यानं वेळोवेळी हारूनभाईंच्या पोटाची चौकशी करण्याचा शिरस्ता ठेवला होता.

आणि आता, दोन हजार चौदाच्या जानेवारीत, हाच शाहबाज हारूनभाईंच्या बैठकीच्या खोलीत बसून आमिनाच्या मावसभावाचं स्थळ सांगत होता, तेही हारूनभाईंच्या एकुलत्या एक मुलीसाठी.

मुलीचं नाव महेक. ती मस्कतला जन्मली, इंग्रजीत शिकली, आणि बौशरच्या एका दाताच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसे. तिचं मराठी जपून पावलं टाकणारं होतं, ओल्या फरशीवरून चालावं तसं. अरबी मात्र तिच्या तोंडून झऱ्यासारखं वाहे, कारण दिवसभर तिच्यासमोर अरबीतच दात दुखत. घरात ती अरबीचा शब्दही काढत नसे. त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी हारूनभाईंनी घरमालकाला फोन करून आपल्या दुकानी अरबीत, ज्यात क्रियापदांना काळ नसतो आणि नामांना लिंग, पाण्याचा पंप वारल्याची बातमी दिली होती. पलीकडून घरमालकानं घाबरून विचारलं होतं, कोण वारलं? महेकला हसू आवरलं नाही. तिनं फोन घेतला आणि दोन वाक्यांत गोंधळ मिटवला. त्यानंतर हारूनभाई दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून त्या घरात अरबी भाषा एकट्या हारूनभाईंची होती. वडलांना भाषा ऐकून पुरती समजे, बोलताना मात्र अर्धी वाटेत सांडे, हे महेकला माहीत होतं. तिला किती येतं, ते वडलांनी सोयीनं विसरून टाकलं होतं.

स्थळाचं नाव ताबिश. तो दुक्मच्या गोदीत जहाजांच्या डागडुजीवर वेल्डिंगचा सुपरवायझर होता. तिथं वाळू, वारा आणि पुरुष यांखेरीज फारसं काही नसल्यामुळे दाढ दुखू लागली तेव्हा त्याला पाचशे किलोमीटर गाडी हाकत बौशरला यावं लागलं. डॉक्टरांनी चार खेपा सांगितल्या होत्या. त्याच्या नऊ झाल्या. दाढ चौथ्या खेपेलाच बरी झाली होती, हे नंतर महेकनं स्वतः आईला सांगितलं. सांगताना तिनं पाण्याचा ग्लास दोनदा भरला आणि दोन्ही वेळा न पिता ठेवला. कुबरांना त्यातून जे समजायचं ते समजलं.

"मुलगा नमाजी आहे, कमावता आहे, तुमच्या मुलीला पसंत आहे," शाहबाज म्हणाला. "मग हारूनभाई, अडचण कुठं आहे? पोटात तर नाय ना?"

हारूनभाईंनी टोमणा गिळला. मुलात काहीच खोट नाही, असं ते मोकळेपणानं म्हणाले. पण रक्त नावाची काही गोष्ट असते की नाही? आम्ही सूरचे नाखवा, ते जाळीवाले. उद्या आजोबांच्या कबरीसमोर उभं राहायचं तर कुठल्या तोंडानं? शाहबाजनं विचारलं, सूरचा काही कागद आहे का. हारूनभाई हसले. कागदाहून मोठी गोष्ट त्यांच्या हाती नुकतीच लागली होती.

अर्बाब खल्फान यांचे वडील, जुमा, आयुष्यभर सूरला राहिलेले, डोळ्यांच्या उपचारासाठी गेल्याच आठवड्यात मुलाकडे सीबला आले होते. वय ब्याऐंशी. पोरवयापासून ते कोकणच्या खेपा करणाऱ्या गलबतांवर होते. आपल्या दुकानात एका नोखदाचा नातू बसतो, हे खल्फानकडून ऐकताच त्यांनी निरोप धाडला होता: शुक्रवारी त्याला घेऊन ये, घरच्यांसकट.

"तू पण चल," हारूनभाई म्हणाले. "ताबिशला पण आण. जित्याजागत्या माणसाच्या तोंडून ऐका, आमी कोण ते."

"आणि म्हातारा भलतंच काय बोलला तर?"

"तर तुझा शब्द माझ्या डोक्यावर. ताबिश माझा जावई."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. हारूनभाईंनी तो थांबलेला ऐकला आणि आपलं बोलणं वजनदार झाल्याचं त्यांना समाधान वाटलं.

शाहबाज गेल्यावर कुबरांनी एवढंच विचारलं, की म्हातारबाबा बोलणार अरबीत, मग आम्हाला सांगणार कोण. हारूनभाई म्हणाले, मीच. "मग झालंच," कुबरा म्हणाल्या. "ताबिशला म्हणावं, दुक्मलाच बायको बघ." आणि त्या मुलीकडे वळल्या. महेक ओट्यावरचं पाणी पुसत होती. पुसून झालेली जागा ती पुन्हा पुसत राहिली.

शुक्रवारचा दिवस मस्कतच्या वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांपैकी निघाला, जेव्हा ऊन अंगावर येत नाही, शेजारी येऊन बसतं. हारूनभाईंनी पांढरा सदरा घातला, अत्तर लावलं. गाडीत ते आजोबांविषयी बोलत राहिले. आजोबा वारले तेव्हा ते स्वतः चार वर्षांचे होते. त्यांना आठवत होता तो फक्त एक खरबरीत हात आणि डिंकाचा वास. बाकीचं सगळं त्यांनी पुढे स्वतःच रचलं होतं. रचता रचता त्याला आठवणीचा रंग चढला होता. खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतो आहोत हे ठाऊक असतं; हारूनभाईंना ती सोय नव्हती.

खल्फान यांच्या घरी जेवण रिवाजाप्रमाणे वेगवेगळं झालं. पुरुष मजलिसमध्ये, बाहेरच्या बैठकीत, एका परातीभोवती बसले, बायका आत. ताबिश मान खाली घालून नीट जेवला. शाहबाज दुप्पट जेवला आणि पोटावर हात फिरवत हारूनभाईंकडे बघून हसला. जेवणानंतर जुमांनी सगळ्यांनाच अंगणातल्या बोरीखाली बोलावून घेतलं. त्या वयात माणूस सगळ्यांचाच आजोबा झालेला असतो. चटया अंथरल्या गेल्या, खजूर आले, वेलदोड्याच्या वासाचा कहवा आला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचं धुकं होतं, पण धुक्यामागे कोणीतरी टक्क जागं होतं.

जुमांनी हारूनभाईंचा हात हातात धरला आणि गाव विचारलं. हारूनभाईंनी खाडीचं नाव सांगितलं. आजोबांचं नाव विचारलं. हारूनभाई म्हणाले, इब्राहिम.

जुमांनी ते नाव दोनदा स्वतःशी उच्चारलं. मग त्यांचे खांदे हलू लागले, पाठोपाठ दाढी, आणि शेवटी तोंडातून हसू बाहेर आलं.

"नोखदा इब्राहिम?" ते म्हणाले.

या दोन शब्दांना भाषांतर लागत नव्हतं. हारूनभाईंनी सावकाश सगळ्यांकडे पाहिलं. शाहबाजचा चेहरा उतरला. ताबिशनं तोंडाशी नेलेला खजूर परत बशीत ठेवला. कुबरांनी एक सुस्कारा सोडला, जो अभिमानाचा खासच नव्हता. त्या एका क्षणी हारून नाखवा यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दावा खरा ठरला होता, आणि गोष्ट तिथंच थांबती तर बरं झालं असतं. पण म्हाताऱ्या खलाशाला एकदा वारा मिळाला की तो शीड उतरवत नाही.

जुमा सांगू लागले. चौदाव्या वर्षी ते चुलत्याच्या गलबतावर होते. वादळात मोठं शीड फाटलं, म्हणून गलबत त्या खाडीत शिरलं. सुईचं काम जाणणारा माणूस हवा होता. लोक म्हणाले, जाळी विणणारा इब्राहिम आहे, त्याची गाठ बोटालाही सापडत नाही.

ते थांबले. सगळे हारूनभाईंकडे पाहू लागले.

हारूनभाईंनी कहव्याचा घोट घेतला. "म्हणतात, वादळात शीड फाटलं. कोणालाच जमेना, तेव्हा आजोबांना बोलावणं गेलं."

जुमा पुढे गेले. इब्राहिमनं तीन दिवसांत शीड शिवलं आणि मजुरी म्हणून एकच गोष्ट मागितली: मला एकदा सूर दाखवा. चुलत्यानं त्याला गलबतावर घेतलं. खाडीचं तोंड ओलांडण्याआधीच इब्राहिमला बोट लागली. अकरा दिवस तो डोलकाठीशी आडवा पडून होता, तोंड बादलीत. आणि बादलीतूनच तो साऱ्या खलाशांना हुकूम सोडत होता: हळू चालवा, कडेनं घ्या, मागे फिरवा. खलाशी हसून हसून लोळायचे आणि सलाम ठोकून म्हणायचे, जी, नोखदा.

खल्फान हसता हसता पुढे झुकले आणि त्यांच्या शुभ्र पायघोळ दिशदाशावर कहवा सांडला.

"म्हणतात," हारूनभाई जरा थांबून म्हणाले, "अकरा दिवस गलबतावर आजोबांचाच हुकूम चालत होता."

"मग अर्बाब एवढे हसतात कशाला?" शाहबाजनं विचारलं.

"कौतुकानं."

सूरच्या बाजारातही लहानथोर त्याला नोखदा म्हणू लागले, जुमांनी सांगितलं. पंधरा दिवसांनी पुढच्या गलबतानं तो परत गेला तेव्हा ते नावही त्याच्याबरोबर गेलं. हे वाक्य हारूनभाईंनी जसंच्या तसं मराठीत आणलं. खरं तर त्यांच्या भाषांतरात अजून एकही वाक्य खोटं नव्हतं. ते फक्त मोजून कापलेलं होतं. पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि जानेवारीतल्या घामाचं कारण कुबरांनी न विचारता ओळखलं होतं.

शाहबाज मूर्ख नव्हता. पडदे विकणाऱ्याला पडदा कुठं आहे ते कळतं. तो म्हणाला, "हारूनभाई, एकच विचारा. बोलावणं गेलं, ते कुठं? घर कुठल्या काठावर होतं?"

हारूनभाईंना विचारावं लागलं. जुमांनी क्षणाचाही विलंब न लावता हात लांब केला, जणू ती खाडी बोरीच्या पलीकडेच होती. दूरच्या काठावर, ते म्हणाले. मशिदीचा तो नव्हे, जाळी वाळत असतात तो. मीच छोट्या होडीतून त्याला आणायला गेलो होतो.

एक शब्द पुरेसा होता. अलीकडच्या, असं म्हटलं की संपलं. इथं कोणाला अरबी कळत होतं? शाहबाजला बाजारापुरतं, ताबिशला यल्ला आणि खलासपुरतं, कुबरांना तेवढंही नाही. हारूनभाईंनी मान वर केली आणि त्यांची नजर महेकवर गेली.

आणि त्यांना आठवलं. बादलीची गोष्ट चालू असताना ती हसली होती, त्यांनी तोंड उघडण्याच्या आधी.

महेक त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती शाहबाजकडे वळली होती. "चाचा," ती आपल्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आजोबा... थकलेत आता. नको ना विचारू. अब्बांनी सांगितलं ना, तेच... तेच खरं."

तिचा आवाज शांत होता. हातातल्या कहव्याच्या सुरईनं मात्र ती भरलेलाच पेला पुन्हा भरू लागली होती. तिला पहिल्या शब्दापासून सगळं कळलं होतं. एक वाक्य उच्चारलं असतं तर तिला हवा तो माणूस मिळाला असता. ते वाक्य ती गिळत होती, आणि चार माणसांत वडील खोटे पडू नयेत म्हणून खाडीचा तो चुकीचा काठ स्वतःच्या आयुष्यावर लिहून घेत होती.

हारूनभाईंना वाटलं, आपण चोवीस वर्षं या देशात भाषा ऐकत आलो, पण न बोललेलं काही आपल्याला पहिल्यांदाच समजतं आहे.

"पलीकडच्या," ते म्हणाले.

शाहबाजला नीट ऐकू आलं नाही, किंवा विश्वास बसला नाही. "क्काय?"

"घर पलीकडच्या काठावर होतं. अलीकडे आलो ते मागाहून. जाळी विणायचे आजोबा. चांगली विणायचे म्हणतात." एकदा सुरुवात झाल्यावर हारूनभाईंना ते वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. "आणि हुकमाचं सांगितलं ना, ते अर्धंच सांगितलं. तोंड बादलीत होतं. लोक थट्टेनं नोखदा म्हणायचे. तेच आडनाव झालं. सूरला गेले ते पंधरा दिवस बघायला. आपण अरब-बिरब कोण नाय."

वीस वर्षं जपून ठेवलेला टोमणा शाहबाजच्या ओठांवर आला असणार. त्यानं तो तिथंच विरघळू दिला. मग तो स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाला, "माझ्या पणजोबांचं पण मी कोणाला विचारलेलं नाय. नकोच विचारायला."

पहिल्यांदा हसल्या त्या कुबरा. पदर तोंडाला लावून त्या इतकं हसल्या की आधीच हसून दमलेल्या खल्फान यांनाही पुन्हा हसू फुटलं. "बादलीत," त्या म्हणाल्या. "आणि मी तीस वर्षं ह्यांच्या आजोबांना घाबरत आले."

जुमा धुक्यातून एकेका चेहऱ्याकडे बघत होते. मी काही वाईट बोललो का, त्यांनी विचारलं. इब्राहिम माझ्या चुलत्याचा लाडका होता. त्यानं शिवलेलं शीड आमच्याकडे आणखी सात वर्षं टिकलं. हारूनभाईंनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं. दोर, गळ, नांगर, भाव, उद्या या, असे शब्द जिभेवर आले आणि गेले. यांतलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं.

"महेक," ते म्हणाले, "पुढचं तू बोल. माझं अरबी दोर विकण्यापुरतं."

महेकनं सुरई खाली ठेवली. ती बोलू लागली तेव्हा खल्फान यांच्या भुवया वर गेल्या आणि जुमांनी मान कलती केली, जणू दूरवरून कोणी ओळखीच्या स्वरात हाक मारली होती. नाही आजोबा, तुम्ही चांगलंच बोललात, ती म्हणत होती. आमच्या घरात ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती, तुम्ही ती आम्हाला दिलीत. हारूनभाईंना प्रत्येक शब्द कळत होता. क्रियापदांना काळ होता, नामांना लिंग होतं, आणि वाक्य जिथं पोचायचं तिथं न सांडता पोचत होतं. त्यांना मत्सर वाटायला हवा होता. वाटलं ते निराळंच काहीतरी, आणि त्याला त्यांच्याकडे कोणत्याच भाषेत शब्द नव्हता.

"आणि हे पण सांग," ते म्हणाले. त्यांनी ताबिशकडे बोट दाखवलं, मग ते उद्धट वाटेल असं वाटून हात पुरा उघडला. "हा पोरगा पलीकडच्या काठचा. म्हणजे आमच्याच काठचा. सांग त्यांना, हा आमचा जावई होतोय."

ताबिश उठून उभा राहिला आणि मग, आपण का उभे राहिलो ते न समजून, पुन्हा बसला.

महेकनं सुरुवात केली आणि ती थांबली. दाढ, हिरडी, वेदना, उद्याची वेळ, विम्याचं कार्ड, यांतला कुठलाही शब्द तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. हा एक शब्द तिच्या काउंटरवर कधी कोणी आणला नव्हता. ती लाल झाली, हातांनी काहीतरी दाखवू लागली, ताबिशकडे बोट नेलं, स्वतःकडे आणलं, मध्येच सोडून दिलं.

म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. "नसीब?" त्यांनी ताबिशकडे हात करून विचारलं. त्यांच्या बोलीत मुलीच्या नवऱ्याला नसीब म्हणतात.

साऱ्या दुपारभरात ‘नोखदा’नंतर भाषांतरावाचून आपल्याला समजलेला हा दुसराच शब्द, असं कुबरांना वाटलं. त्यांनी पदर सावरला आणि अगदी मनापासून मान डोलावली.

"हो बाबा," त्या म्हणाल्या, "नसीबच म्हणायचं."

महेकनं हारूनभाईंकडे पाहिलं, हारूनभाईंनी महेककडे. दोघांपैकी कोणीही ती चूक सुधारली नाही.